सांगलीचा सोडून कुणीही

माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान नक्की कोण आहेत हे मला आजवर नीट कळलेलं नाही, आणि ज्याला कळलं आहे असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर असेल असंही मला वाटत नाही. आम्ही त्यांना काका म्हणतो. मूळचे सांगलीचे, कागदोपत्री कॅनडाचे, व्हँकूवरला पाणीपुरवठ्यात इंजिनिअर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. इथपर्यंत सगळं सरळ आहे. निवृत्तीनंतर एका शेजाऱ्याच्या ओळखीने ते सिनेमाच्या शूटिंगला गर्दीत उभे राहायला गेले आणि तिथून जे नट झाले ते झालेच. तेव्हापासून सीमेच्या अलीकडे, अमेरिकेत बेलव्ह्यूला आमच्या घरी टीव्ही लावताना जरा धास्तीच वाटते. मी त्यांना इराणी राजदूत झालेलं पाहिलं, मेक्सिकन माळी झालेलं पाहिलं, इटालियन पाद्री होऊन एका खुन्याला आशीर्वाद देताना पाहिलं. एकदा तर ते एका चॅनलवर ग्रीक जहाजमालक होते आणि शेजारच्या चॅनलवर पाकिस्तानी डॉक्टर. सांगलीचा माणूस सोडून ते सगळे झाले. "अरे, यांना ब्राउन म्हणजे एनी ब्राउन," ते मला समजावतात. "आपण फक्त मिशी अ‍ॅडजस्ट करायची."

बरं, ते ज्या शहरात राहतात तेही सिनेमात कधी स्वतःच्या नावाने येत नाही. कधी ते न्यूयॉर्क असतं, कधी शिकागो, आणि एकदा तर थोडी वाळू पसरून मोरोक्को झालं होतं. म्हणजे काका कॅनडात राहून अमेरिकन टॅक्सीवाले होतात, आणि अमेरिकेत आमच्या घरी आले की "यू अमेरिकन्स" म्हणून आम्हालाच बोल लावतात. मग मीही क्षणभर चाचपडतो, की आपण नेमके कुठले.

यात भर म्हणजे त्यांच्या अंगातून भूमिका लवकर उतरत नाही. न्यायाधीशाचं काम मिळालं तेव्हा आमटीत गूळ घालावा की नाही या आमच्या नवराबायकोच्या वादात त्यांनी टेबलावर डाव आपटून निकाल दिला, आणि तो निकाल आमच्या घरात अजून लागू आहे. डॉक्टर झाले तेव्हाचा प्रकार त्याहून कठीण. आमच्या जवळच रेडमंडला एका मुंजीत कुणा गृहस्थांनी त्यांना आपली छातीतली जळजळ सांगितली. काकांनी त्यांचा हात हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि इतक्या कळकळीने ऐकून घेतलं, की दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा मला फोन. "तुमच्या काकांचं क्लिनिक कुठे आहे हो? यार, इतकं पेशंटली कोणी ऐकतच नाही इथे." खरी गोष्ट सांगितली तर त्यांचा विश्वास बसेना. सीमेवर एका अधिकाऱ्याने तर "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय" म्हणून त्यांची गाडी बाजूला घेतली. पाहिलं होतं ते एका मालिकेत, तस्कर म्हणून. हे उलगडेपर्यंत मावशी गाडीत ताटकळल्या आणि काका मात्र आमच्याकडे हरखून पोचले. "चेहरा लक्षात राहिला त्याच्या," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

मावशींनी मात्र त्यांचं एकही काम पुरतं पाहिलेलं नव्हतं. कारण काका राजदूत असोत की माळी, शेवटी मरतात. गोळी लागते, विषबाधा होते, जहाज बुडतं. पहिल्याच वेळी पडद्यावरच्या दुकानात त्यांच्यावर गोळी झाडली गेली तेव्हा मावशी जागेवरून उठल्या त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पुन्हा टीव्हीसमोर आल्या नाहीत. "हे शेजारी बसून शेंगदाणे खातायत आणि समोर रक्ताच्या थारोळ्यात. मी कुणाकडे बघायचं?" त्या म्हणाल्या. दारातून निघताना कुणी "जातो" म्हटलेलं ज्यांना खपत नाही, फोनवर बोलतानासुद्धा ज्या "जातो नाही, येतो म्हणावं" म्हणून समोरच्याला अडवतात, त्या बाईंना हे कसं सोसावं? काका याची थट्टा करत, पण मनातून खट्टू होत. एकदा गाडीत मला म्हणाले, "सगळं जग बघतं रे. ही एक बघत नाही. मग काय उपयोग?" मला त्यांचं फार वाईट वाटलं.

आणि गेल्या वर्षी त्यांना खरं काम मिळालं. शिकागोतल्या इस्पितळातला एक म्हातारा भारतीय बाप, आणि पोचायला उशीर झालेला मुलगा. मरायचं होतंच, पण या वेळी बोलून. दिग्दर्शिका त्यांना म्हणाली, "तुमच्या भाषेत म्हणा, मी जातो." काकांनीच आम्हाला हे सांगितलं. "कॅमेरा रोल झाला आणि माझ्या तोंडातून जातो निघेचना. इतक्या वर्षांची सवय. येतो म्हणालो. तिला काय कळतंय, तिने ओके केलं."

सिनेमा घरी बघायची सोय झाली तेव्हा काका-मावशी शनिवारी दुपारी आमच्याकडे आले. "अगं, या वेळी मी सांगलीचा आहे. एकदा बघ," एवढंच काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज कुठल्याही भूमिकेतला नव्हता. मावशी बसल्या, पण सोफ्याच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या बाजूला, पर्स मांडीवर घेऊन. काका शेंगदाण्याची वाटी हातात धरून होते आणि एकही दाणा खात नव्हते. पडद्यावर ते पांढऱ्या चादरीखाली होते, मिशी नव्हती, आणि प्रथमच मला ते ओळखू आले. मुलाचा हात धरून ते हळूच म्हणाले, "येतो."

खाली इंग्रजी अक्षरं उमटली: आय अ‍ॅम कमिंग. भाषांतर करणाऱ्याने शब्दाला शब्द ठेवला होता.

माझी कॉलेजातली मुलगी गोंधळली. "वेट, कमिंग व्हेअर? ही इज डाइंग, राइट?"

"हो, म्हणजे जातायत ते," मी म्हणालो, "पण आपण जाताना येतो म्हणतो." "पण ते परत नाही ना येणार, बाबा?" तिने विचारलं. मी मावशींकडे बघितलं. त्या उठल्या नव्हत्या. पडद्यावरच्या त्या चादरीकडे बघत, काका भाजी आणायला निघाल्यावर म्हणतात तशा सहज आवाजात त्या म्हणाल्या, "हं. लवकर या."

"हो," शेजारून काका म्हणाले.

सिनेमा पुढे चालू राहिला. मावशींनी कधीतरी पर्स खाली ठेवली, काकांच्या हातातली वाटी घेतली आणि शेवटची नावं संपेपर्यंत बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ते परत निघाले. काकांना आता कुठल्याशा दरोडेखोराच्या आजोबांचं काम होतं, त्यामुळे दाढी वाढवायची ठरली होती आणि माझ्याशी ते अगदी घोगऱ्या आवाजात बोलत होते. गाडीची काच खाली करून म्हणाले, "येतो रे." मी हे आजवर कितीदा ऐकलं असेल आणि हात हलवून आत वळलो असेन. या वेळी मात्र गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. काकांचं वय झालंय, हे माझ्या पहिल्यांदाच मनात आलं. कोण होऊन येतील ते येवोत, मी म्हटलं. पण यावेत.