आज माझ्या स्कूटीवर मधमाश्या बसल्या

मंडळी, सकाळी ऑफिसला निघाले, तर स्कूटीच्या हँडलला मधमाश्यांचा भला मोठा घोस लटकलेला!

शेजारचे काका टेंभा पेटवूनच आले. आई मधे उभी राहिली.

"भाऊ, थांबा जरा. नवी जागा सापडली की त्या आपोआप जातील."

"अन् न्हाई गेल्या तर?"

"मंग तुमचा टेंभा हायेच की!"

मी रिक्षानं गेले. दुपारी काकांचाच फोन.

"गेल्या बरं का! दोन-चार अजून तुमच्या शेवग्याच्या फुलांवर फिरून राह्यल्यात. यंदा त्याला छाटू नका."

फुलांचा कचरा आपल्या अंगणात पडतो म्हणून दरवर्षी कुऱ्हाड घेऊन येणारे हेच काका!

तुमच्या दारात सध्या काय फुललंय? राहू द्याल ना?