पुण्याला वळसा घालणारा मतदारसंघ

लग्न होऊन मी बुधवार पेठेतून हडपसरला आले, तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "गेलीस ना ग्रामीण भागात." माझे मत पुण्यातून शिरूर लोकसभा मतदारसंघात गेले होते, एवढाच त्याचा अर्थ. खिडकीतून आयटी कंपन्यांचे दिवे दिसतात, खाली वाहतूक तुंबलेली असते आणि खासदार मात्र शिरूरचा. ते शिरूर मी आजवर फक्त नगरला जाताना बसमधून पाहिले आहे.

सासऱ्यांना, म्हणजे दादांना, या नावाचा रागच होता. त्यांचे गाव खेड तालुक्यात, पार डोंगराकडे. पूर्वी मतदारसंघाचे नावच खेड होते. मग हद्दी नव्याने आखल्या आणि नाव शिरूर झाले. "गाव मपलं, नाव दुसऱ्याचं," असे ते तिकडच्या बोलीत सुनावायचे आणि खेडच म्हणत राहायचे.

सासूबाई गेल्या, दादांचे गुडघे धरले, म्हणून आम्ही त्यांना इकडे आणले. पण कपड्यांची पिशवी त्यांनी पलंगाखाली भरलेलीच ठेवली. सोसायटीत कोणी विचारले की सांगायचे, "खेडचा. हितं पाव्हणा हाय." मी चहा ठेवता ठेवता हे ऐकायचे आणि मला लागायचे.

निवडणूक आली. गावापर्यंतचा प्रवास त्यांना झेपणार नव्हता. मतदार यादीतले नाव इकडे आणू या, असे मी म्हटले, तर ते ताटावरून उठले. "गावातलं नाव माणूस मेल्यावर काढत्यात," म्हणाले. मला राग आला आणि वाईटही वाटले.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवला. "दादा, हे पुणं. वर जुन्नर, आंबेगाव, मग तुमचं खेड. ही भोसरी, हे शिरूर आणि खाली हे आपलं हडपसर. सगळा एकच मतदारसंघ."

त्यांनी बोट तांब्याच्या कडेने फिरवले. "पुण्याला वळसा घालून?"

"हो. उमेदवार तेच, खासदारही तोच."

त्यांनी तांब्या जवळ ओढला. "म्हंजी गावातला माझा भाऊ तिकडनं आन मी हितनं, येकालाच पाडू शकतो?"

"अगदी."

"मग आण नाव हिकडं."

मतदानाच्या दिवशी मी त्यांना हात धरून शाळेत नेले. बाहेर आल्यावर ते झाडाखालच्या खुर्चीत टेकले. शेजारी बसलेल्या एका बाईंनी विचारले, "आजोबा, आपण कुठले?"

आता पाहुणा म्हणणार, म्हणून मी दुसरीकडे पाहू लागले.

दादांनी शाईचे बोट निरखले. "हितलाच की," म्हणाले. "शिरूरचा."

घरी आल्यावर त्यांनी पलंगाखालची पिशवी ओढून काढली आणि कपाटात एक खण रिकामा करून मागितला.