रेघ हलेना

आमची सून माणसाचं तोंड नंतर बघते, आधी घोटे बघते. पहिल्यांदा घरी आली तेव्हा माझ्या पायांवरून तिची नजर हटेना. मला वाटलं, झिजलेल्या चपला बघतेय. मग कळलं, तिचं कामच ते. मोठ्या दवाखान्यात ती सुजलेले हातपाय मोजते. मी जेमतेम दुसरी शिकलेली, मला काय कळणार त्यातलं? पण एकदा भाजी निवडताना तिनं समजावलं, ते डोक्यात पक्कं बसलं.

"मांडीला पट्टा बांधायचा, पोटरीला रबराची बारीक नळी गुंडाळायची. पट्ट्यात हवा भरली की वर जाणारं रक्त अडतं, पाय फुगतो, नळी ताणली जाते आणि पडद्यावर रेघ चढते. आधी झरकन, ते शिरांत साठलेलं रक्त. मग मुंगीच्या पावलांनी, ते बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं पाणी."

घरात तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू. मला सासू असून जमलं नाही ते त्या यंत्रानं केलं. मोजताना ती अवाक्षर काढत नाही. पेशंट नुसता हसला तरी रेघ उडते म्हणे.

मग आमच्या ह्यांचाच डावा पाय सुजला. "नवे बूट चावले," म्हणत हे दडपत होते. लेकीला बाळ झालेलं, ते बघायला दुपारच्या गाडीनं निघायचं होतं, रात्रभर बसून प्रवास. सुनेनं सकाळी नडगी दाबली, तर बोटाचा खड्डा तसाच राहिला.

"बाबा, आधी दवाखाना. मोजल्याशिवाय गाडीत चढू देणार नाही."

"म्हणजे आता माप घेऊन पायाला पण सदरा शिवायचा?" हे कुरकुरले. आले, पण बॅग घेऊनच.

सोनोग्राफीला रांग होती. डॉक्टर म्हणाले, तोवर मोजून घ्या. खोली कोंदट, उबदार. हे आडवे, टाचेखाली टॉवेलची घडी, पोटरी अधांतरी. मी स्टुलावर, बॅग मांडीवर. सुनेनं पट्ट्यात थोडी हवा सोडली. रेघ जागची हलली नाही.

"बघ, कोरी पाटी!" हे खूश. "पाय ठणठणीत आहे."

माझाही जीव भांड्यात पडला. मी बॅगेचा पट्टा खांद्याला लावला. सुनेची नजर मात्र पडद्यावरच. आणखी हवा. रेघ सपाटच.

"सैल बसली असेल," ती पुटपुटली. मोजताना ती बोलली, तेव्हा मी बॅगेचा पट्टा खांद्यावरून उतरवला. तिनं नळी सोडून पुन्हा गुंडाळली, खालून बोट फिरवून बघितलं. मग तेच सगळं उजव्या पायाला लावलं. जराशी हवा गेली आणि रेघ टुणकन वर. म्हणजे यंत्र नीट होतं. पुन्हा डावा. पुन्हा सपाट.

"अगं, न फुगणं चांगलंच ना?" मी विचारलं.

"नाही आई. शिरेत आधीच दाब तुंबला असला, तर पट्ट्याचा दाब त्याच्या वर गेल्याशिवाय नवीन रक्त अडतच नाही."

ती हवा वाढवत गेली. मी रेघेकडे बघत होते, हल गं बाई, हल. केव्हातरी ती हलली. सुनेनं दाबाचा आकडा बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, उठायचं नाही. पाय खाली सोडायचा नाही."

"गाडी चुकेल, पोरी."

"चुकू दे!"

जन्मात स्वतःच्या आईचंही न ऐकलेला माणूस गुमान पडून राहिला. सून धावत डॉक्टरांकडे गेली. त्यांनी रांग मोडून ह्यांना आत घेतलं. मांडीच्या वर, मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी होती.

"रात्रभर पाय लोंबकळत बसले असते, आणि ही सुटून फुप्फुसात गेली असती तर..." डॉक्टर म्हणाले. मी बॅग खाली ठेवली.

रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू झालं. गाडी आमच्याशिवाय गेली. खाटेवर पाय उंच करून हे छताकडे बघत होते.

"बाळ थांबेल ना गं माझ्यासाठी?"

"कुठं पळतंय ते, बाबा? त्याला अजून मान धरता येत नाही," सून म्हणाली, आणि मग तिचा पट्टा सुटला. शेजारणीचं भांडण, बिघडलेला मिक्सर, कोण कुठं काय म्हणालं. बोलत होती आणि हात ह्यांच्या घोट्यावरून हलत नव्हता.

नर्स म्हणाली, "जरा हळू बोला."

"बोलू द्या हो तिला," मी म्हटलं, आणि बॅगेतून ह्यांची चादर काढली.