म्हशीला सांगितलेली वाट

त्या सकाळी मला अकराच्या आत भिलाईत पोहोचायचं होतं. नव्या कॉलनीतल्या प्राथमिक शाळेसाठी मास्तरणी घेत होते, आणि नाव पुकारल्यावर जी हजर नसेल तिला पुन्हा बोलावणार नव्हते. कारखाना उभा राहत होता, ट्रकांनी रस्ता पार उखडला होता, म्हणून आम्ही नहराच्या पाळीनं निघालो. कालव्याला तिकडे सगळे नहरच म्हणत. इंग्रजांच्या काळातला तो. पाळीवर बाभळी आणि एका बैलगाडीपुरती वाट.

नवरा ड्युटीवर, म्हणून सोबतीला सासरे. रेल्वेत गँगमन म्हणून जन्म घालवलेला माणूस, आता रिटायर. ते पुढे, मी दहा पावलं मागे, पदर नाकापर्यंत. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ही रीत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आम्ही सगळे देव एका दिवसात घराबाहेर काढले. मला सातवीच्या परीक्षेला बसवलं तेही सासऱ्यांनीच. पण हा पदर? तो मीच सोडीना. गुणाची सून म्हणवून घ्यायची भारी हौस! खुळी कुठली.

एका जागी नहर उजवीकडे वळत होता आणि त्याचा एक फाटा नाकासमोर सरळ जात होता. अर्ज द्यायला मी शेजारणीबरोबर आठवड्यापूर्वीच इथून गेले होते. वळायचं, हे मला पक्कं ठाऊक. सासरे मात्र सरळ सुटले. गँगमनच तो! मेन लाइन सरळ जाते, वळते ती बाजूची लूप, हेच उभा जन्म पाहिलेलं.

मी खोकले. बांगड्या वाजवल्या. त्यांना वाटलं, सून दमली. ते आणखी हळू चालू लागले. कारखान्याचं धुराडं आधी समोर होतं, ते उजव्या खांद्यावर आलं, मग खांद्याच्याही मागे गेलं. सासऱ्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, ठेवलं, पुन्हा काढलं. पण पदराआड माझे ओठ उघडेनात. बोलले तर लोक काय म्हणतील? लोक कुठले, पाळीवर एक बगळा होता.

तेवढ्यात पाण्यात बसलेली एक म्हैस दिसली.

"काय वं म्हशीबाई," मी मोठ्यांदा म्हणाले, "भिलाई मांगं राहिली, अन् तू इकडं कावून चालून राहिली?"

सासरे थांबले. मागे न बघता म्हणाले, "म्हैस तं बसून हाये. चालून कोन राहिलं?"

"मोठं मानूस हाये वं म्हशी, मी कशी सांगू?"

"कुठून चुकलो, इचार तिले."

"फाट्यापासून."

"अन् आता सांगते? मास्तरीण व्हाले निघाली, अन् म्हशीले शिकवून राहिली!"

मग आम्ही पळालो. त्यांनी धोतर खोचलं, मी चपला हातात घेतल्या. धुराडं पुन्हा समोर आलं, पण जवळ म्हणून येईना.

शाळेच्या दारावरचा चपराशी म्हणाला, "नाम हो गया. दो बार पुकारा."

मी सासऱ्यांकडे पाहत उभी राहिले. आता हेच काहीतरी बोलतील. त्यांना धाप लागली होती.

"इथं म्हैस नाही पोरी," ते म्हणाले. "तूच बोल." आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी पदर मागे केला. ट्रक, रस्ता, नहर, फाटा, धुराडं, सगळं एका दमात, अर्धं हिंदीत, अर्धं घरच्या बोलीत. आवाज इतका चढला की आतले साहेब दार उघडून बाहेर आले.

"आखिरी बेंच तक तो सुनाई देगा," ते म्हणाले, आणि मला आत घेतलं.

नोकरीचा कागद महिनाभरानं आला. पण त्या दिवशी परतताना पुढे मी होते, आणि माझं तोंड काही मिटत नव्हतं. फाट्याशी आलो तसे सासरे थांबले. त्या सरळ गेलेल्या पाण्याकडे बघत म्हणाले,

"तिले सांगून येऊ का, सून पोचली म्हनून?"