गाठ नेमकी तेव्हाच सुटते

आमच्या कराटेच्या वर्गात कपडे नीट करायचे असतील तर सरांकडे पाठ करून भिंतीकडे वळायचं, असा नियम आहे. साठीच्या सुमनताई हा नियम जरा जास्तच पाळतात. सरांनी वीस जोर मारायला सांगितले की दहाव्या जोराला त्यांच्या पट्ट्याची गाठ हमखास सुटते. वर्ग संपताना आम्ही कमरेत वाकून नमस्कार करतो, तेव्हा मात्र ती कधीच सुटत नाही. मग मला संशय येणार नाही तर काय!

भिंतीसमोर त्या आधी डगल्याची डावी बाजू उजवीवर नीट बसवतात. मग पट्ट्याची दोन्ही टोकं जुळवून बघतात. माझा शिंपीसुद्धा इतकं निरखून माप घेत नाही. हल्ली तर भर चर्चेत चष्मा पुसत बसणारी माणसंही मला खरी वाटत नाहीत.

काल पंधराव्या जोराला माझे हात लटपटले. गाठ चांगली घट्ट होती. मीच ती गुपचूप सोडली आणि भिंतीकडे वळलो. सुमनताई शेजारीच होत्या. भिंतीकडे बघतच पुटपुटल्या, "सावकाश बांधा. अजून पाच बाकी आहेत."