आशाताईंच्या नावाने उघडणारं पत्र

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही मात्र लख्ख आठवते, कारण तिच्यात चुकलो होतो तो मीच. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो आणि केनवडच्या बाजूची काही गावं आमच्या हद्दीत होती. नावं कोणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून त्याच गावात राहतात.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. त्या गावातला एक शेतकरी सहा-सात जणांना घेऊन ठाण्यात आला. वाशीमचे एक संपादक शेती, आरोग्य आणि गावकारभारावर दर शुक्रवारी ई-मेलने एक पत्र पाठवत असत. त्याचे लेख त्यांच्या संकेतस्थळावर असत आणि वर्गणीदारांना लेखाखाली अभिप्राय लिहिता येत असे. त्या आठवड्यात मिरगीवर लेख होता. त्याच्याखाली कोणीतरी या शेतकऱ्याच्या घराचा स्पष्ट उल्लेख करून लिहिलं होतं, की तिथल्या मुलीला झटके येतात, सोयरीक करणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. मुलीचं लग्न जिल्ह्यातल्याच मालेगावला ठरलं होतं. त्या घरी हे पत्र जायचं. त्यांनी वाचलं आणि सोयरीक मोडली.

अभिप्रायावर नाव होतं गावातल्या आशाताईंचं. आशाताई म्हणजे घरोघर फिरून बाळंतिणींची, लेकरांची, आजाऱ्यांची काळजी घेणारी आरोग्यसेविका. मुलीला त्यांनीच वाशीमच्या दवाखान्यात नेलं होतं, दोन वर्षं गोळ्या त्याच पोचवत होत्या. घराबाहेर ही गोष्ट ठाऊक असलेलं दुसरं माणूस नव्हतं. गावाला आणखी पुरावा कशाला हवा होता? बायांनी दारं लावून घेतली. गरोदर बाईची नोंद घ्यायला गेल्या, तर सासू म्हणाली, तुमाले सांगतलं तं उद्या पेपरात येते. त्यांना कामावरून काढा असा अर्ज तालुक्याला गेला होता आणि त्यावर अर्ध्या गावाच्या सह्या होत्या, पहिली याच सासूची.

तक्रार बदनामीची, म्हणजे अदखलपात्र. पण गाव तापलेलं होतं. न्यायालयाची परवानगी घेतली आणि जीप पाठवून ताईंना ठाण्यात आणलं. महिला अंमलदार शेजारी बसवली, चहा मागवला. हा माझा जुना डाव. चहा पोटात गेला की माणूस सैल होतो आणि बोलू लागतो. ताईंनी कपाला हात लावला नाही.

त्या संकेतस्थळाला पासवर्ड नव्हता, एवढं मी चौकशी करून ठेवलं होतं. वर्गणीदाराच्या मेलवर पत्र यायचं, त्यात एक बटण असायचं. ते दाबलं की आपण आपल्या नावाने थेट आत. मी ताईंना तेच ऐकवलं. मेल तुमचा, बटण तुमच्या मेलमध्ये, नाव तुमचं, माहिती फक्त तुम्हाला. मग लिहिलं कोणी, भुताने?

"साहेब, मी नाही लिवलं," त्या म्हणाल्या. "त्या पोरीच्या गोळ्या मी पदराआड नेऊन देल्या, शेजारनीले दिसू देल्या नाहीत. आता मीच कायले बोंब मारीन?"

तीन तास मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. त्यांचं उत्तर एका अक्षराने हललं नाही. सराईत गुन्हेगारसुद्धा तीन तासांत दोनदा तरी कथा बदलतो. हे मला कळायला हवं होतं. पण मी त्याला हेकेखोरपणा समजलो. वीस-पंचवीस वर्षं वर्दी घातली की आपल्याला माणूस बघताक्षणी कळतो, असला एक माज चढतो. माझाही चढला होता.

दोन दिवसांनी शेजाऱ्यांचे जबाब घ्यायला गावात गेलो. स्टँडवरच्या हॉटेलात एक म्हातारे बसले होते. गावात वर्तमानपत्राचा एकच अंक यायचा आणि त्याची पानं सुटी होऊन हातोहात फिरायची. शेतीचं पान आजोबांच्या हातात, खेळाचं पान भज्यांच्या कढईजवळ. मी सहज विचारलं, की ते वाशीमचं मेलवरचं पत्र तुम्ही वाचता का?

"वाचतो नं. सुनेच्या फोनात येते," आजोबा म्हणाले. "पन मले ते 'नमस्कार ताई' म्हनून राह्यलं साहेब. एवढ्या मिशा असून."

हॉटेल हसलं. मला मात्र हसू आलं नाही. मी निरोप धाडला, तशी सून फोन घेऊन आली. आजोबांनी गावातल्या बायांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आलेली लिंक दाबली. लेख उघडला, आणि वर आशाताईंचं पूर्ण नाव घालून नमस्कार.

ताई दर शुक्रवारी मेलमधल्या त्या बटणाची लिंक काढून गटात टाकायच्या. पेपर एकट्याने वाचायचा नसतो, ही त्या गावाची रीतच. अनेक घरांत फोन एकच, तोही घरधन्याचा, त्यामुळे बायांच्या गटात निम्मे नंबर पुरुषांचे. प्रत्येकाला वर ताईंचं नाव दिसायचं. मी विचारलं, तुम्हाला ते खटकलं कसं नाही? सून म्हणाली, ताईनं धाडलं म्हनून ताईचं नाव येत असंन, असं वाटलं. लग्नात आहेरावर देणाऱ्याचं नाव असतं, तसंच हे. मी तिला काय हसणार? आमच्या ठाण्यात तरी कोणाच्या डोक्यात आलं होतं?

तसाच जीप काढून वाशीम गाठलं. संपादक म्हणाले, आधी पासवर्ड ठेवला होता, पण वाचक विसरायचे आणि दिवसभर फोन करायचे. म्हणून प्रत्येकाला त्याचं स्वतःचं बटण दिलं. लिंक दुसऱ्याला देऊ नका अशी सूचना पत्राच्या तळाशी होती. ती अक्षरं वाचायला मला चष्मा काढून फोन डोळ्यांजवळ न्यावा लागला.

अभिप्राय कोणत्या इंटरनेट जोडणीवरून आला याची नोंद त्यांच्याकडे होती. सायबर कक्षातल्या महिला अंमलदाराने रीतसर पत्रव्यवहार करून आठवड्याभरात नंबर काढला. कागद हाती आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. नंबर तक्रारदाराचा होता. मुलीच्या बापाचा.

त्याच्या घरी गेलो. नोंदीप्रमाणे अभिप्राय लिहिला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तो म्हणाला, मी सोयाबीनमध्ये होतो, फोन घरी चार्जिंगला होता. खोटं बोलत नव्हता, अक्षरशः भांबावला होता. तेवढ्यात मुलगीच आतून आली.

"मी लिवलं," ती म्हणाली. "बाबाले किती खेपा म्हनलं, त्यायले सांगा. नाही सांगतलं. लपवून लगन करायचं नव्हतं मले. तिकडं झटका आला असता तं कोनाले हाक मारली असती मी?"

स्वतःचा फोन तिला नव्हता. मालेगावच्या घरी हे पत्र वाचतात, एवढं तिला माहीत होतं. आपलं नाव कुठे दिलंच नाही, म्हणजे ते दिसणार नाही, हा तिचा हिशेब. वरचं ताईंचं नाव तिलाही पाठवणाऱ्याचंच वाटलं होतं. नंतर सगळं ताईंवर आलं आणि तिची वाचा बसली. मला तिचा राग आला, आणि दयाही आली.

बाप हात जोडून म्हणाला, साहेब, तक्रार मागे घेतो, विषय संपवा. मी नाही म्हटलं. तक्रार मागे घेतल्याने त्या बाईसाठी एकही दार उघडणार नव्हतं. मग ताईंकडे गेलो, झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जीपमंदी सगळ्यायसमोर बसवून नेलं होतं मले. आता सगळ्यायसमोरच सांगा. पन पोरीचं नाव नोका घेऊ."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ग्रामपंचायतीसमोर गाव जमवलं. मी भाषण केलं नाही. सगळ्यांना आपापला फोन काढून गटातली लिंक दाबायला सांगितलं. सरपंचांच्या फोनवर ताईंचं नाव आलं, पिठाच्या गिरणीवाल्याच्या आलं, अर्जावर पहिली सही करणाऱ्या सासूबाईंच्याही आलं. मग मी सांगितलं, की यातला कोणीही ताईंच्या नावाने लिहू शकत होता, आणि चौकशीत ताईंनी लिहिलं नाही हे सिद्ध झालं आहे. मी तीन तास त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्याबद्दल सगळ्यांदेखत माफी मागतो.

मागून कोणीतरी विचारलं, मग लिवलं कोनं? ते सांगणार नाही, असं मी म्हटलं. तेव्हा बायांच्या घोळक्यातून ती पोरगी पुढे आली. बापाने तिचा हात धरला होता, तो तिने सोडवला. "मी लिवलं. ताईचा काही दोष नाही," एवढंच म्हणाली. उन्हात उभी राहिली, जागची हलली नाही. ताई उठल्या आणि तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. पहिली हलली ती सही करणारी सासू. ताईंना म्हणाली, दुपारून घरी या, सुनेची नोंद राह्यली.

मालेगावची सोयरीक काही परत जुळली नाही. पुढच्या वर्षी दुसरीकडे जुळली, सगळं आधी सांगून. बोलणी करायला बापाने ताईंना सोबत नेलं होतं, असं कानावर आलं.

या केसने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मी एक कागद आठवतो. ताईंची चौकशी झाली त्या दिवशी मी स्टेशन डायरीत माझ्या हाताने लिहिलं होतं: 'सदर महिला उडवाउडवीची उत्तरे देत आहे.' डायरीतलं पान फाडता येत नाही, नोंद खोडता येत नाही. खरं कळल्यावर पुढे नवी नोंद केली, पण आधीचं वाक्य तसंच राहिलं. बदली होईपर्यंत कोणालाही चौकशीला समोर बसवण्याआधी मी ते पान उघडून एकदा वाचत असे.