साडूचा ट्रक
बंद पडलेल्या गाड्यांना टोचन लावण्यासाठी त्याने ट्रक घेतला, तो मागच्याच दोन चाकांना इंजिनाचा जोर मिळणारा. "आपलं काम डांबरी रस्त्यावरचं. चारही चाकांचे लाड कशाला?" असं त्याने बायकोला पटवलं. मग साडूने चारही चाकांना जोर असलेला ट्रक आणला आणि याच्या पोटात दुखू लागलं.

एकदा ओढ्याकाठी रुतलेली जीप काढताना याचीच मागची चाकं चिखलात गरगरली. नाइलाजाने त्याने साडूला बोलावलं. साडूने दोन्ही गाड्या सहज बाहेर ओढल्या. वर म्हणाला, "भाऊ, शहरात तुमचीच गाडी बरी. माझी डिझेल फार पिते."

तो समजूतदारपणा याला जास्तच झोंबला.

"निघाली का जीप?" घरी बायकोने विचारलं.

"मीच काढली," तो म्हणाला. तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला.